इंदिराराजे : सॅटिन गाऊनच्या काळातली शिफॉन साडी



आजच्या चरित्रलेखात बडोद्याच्या राजकन्या आणि कूचबिहारच्या महाराणी इंदिराराजे यांची ओळख करून घेऊ या.

बालपण : इंदिराराजेंचा जन्म १८९२ चा. वडील सयाजीराव गायकवाड, आई चिमणाबाई. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १९०६ मध्ये त्यांनी बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे आपल्याला माहीतच आहे. आपल्या मुलीलाही त्यांनी शिकवलं.

लग्न : इंदिराराजेंचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं. ते पंधरा वर्षांनी मोठे, आधीच विवाहित. १९११ च्या दिल्ली दरबारात कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण भेटले आणि एकोणीस वर्षांच्या इंदिराराजेंनी घरी न सांगता थेट शिंदे महाराजांना नकाराचं पत्र धाडलं. ग्वाल्हेरहून तार आली, तेव्हा कुठे घरच्यांना कळलं! मुलींच्या शिक्षणासाठी झटणारे सयाजीरावसुद्धा जितेंद्रनारायणांशी लग्नाला तयार नव्हते. शेवटी १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, पण आई-वडील हजर नव्हते.

वैधव्य आणि कारभार : डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्रनारायण वारले. इंदिराराजे तेव्हा तीस वर्षांच्या. पदरी पाच लेकरं, गादीचा वारस सात वर्षांचा. १९३६ पर्यंत राज्याचा कारभार त्यांनी सांभाळला. पुढे जयपूरच्या महाराणी आणि खासदार झालेल्या गायत्रीदेवी या त्यांच्याच कन्या.

पोशाख : त्या काळात पॅरिसमध्ये सॅटिनच्या लांब गाऊनची चलती होती. मादलेन व्हिओने ही शिंपीण कापड उरेब, म्हणजे तिरकं कापायची. उरेब कापलेलं कापड ताणतं आणि अंगावर सुळसुळीत बसतं. गावातल्या टेलरदादांना विचारा, ते लगेच करून दाखवतील. इंदिराराजेंचा वावर असे गाऊन घालणाऱ्यांतच होता, तरी त्यांची ओळख राहिली साडीचीच. फ्रान्सचं तलम शिफॉन त्यांनी साडीच्या पन्ह्यात करून घेतलं. शिफॉनची साडी भारतात रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. फेरागामो या इटालियन कारागिराकडून त्यांनी चपला-बूट करून घेतले, त्यावर जडवायला मोती-हिरे स्वतःचे दिले. विधवेने नटू नये, असं मानणारा तो काळ. त्यांनी पांढरी शिफॉन आणि मोत्यांचे सर असे दिमाखात मिरवले, की लोक त्यांचं अनुकरण करू लागले.

१९६८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी : त्या राजघराण्यातल्या होत्या, पैसा होता, म्हणून त्यांना हे जमलं, असं कुणी म्हणेल. ते काही अंशी खरंही आहे. पण नकाराच्या पत्राला पैसा लागला नव्हता, हिंमत लागली होती. आपल्या सेनगाव भागात शाळा सुटली की मुलीचं लग्न ठरतं, तिला विचारतं कोण? घरात नवरा वारलेल्या बाईला हळदी-कुंकवाला बोलावतो का आपण? २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग आपल्या गावाला काय अडचण आहे?

उपक्रम : वर्गात सॅटिन आणि शिफॉनचे तुकडे आणा. मुलांना हात लावून फरक सांगू द्या. नंतर इंदिराराजेंची गोष्ट सांगा आणि मुलींना मोकळं बोलू द्या. आपण फक्त ऐकायचं.