सावनेरला विसावलेली लेखणी

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर सावनेर हे तालुक्याचे गाव लागते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव एका तारखेशी जोडले गेले आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांनी येथे अखेरचा श्वास घेतला. वय अवघे तेहेतीस वर्षांचे. क्षयाने शरीर पोखरलेले असतानाही 'भावबंधन' नाटकाचे लेखन त्यांनी याच मुक्कामी तडीस नेले. 'एकच प्याला' तर आधीच लिहून झाले होते. पण ते रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

लेखक हा जन्मावा लागतो, असा आपल्याकडे समज आहे. गडकऱ्यांची प्रतिभा उपजत होती, यात शंका नाही. तथापि त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे त्या प्रतिभेमागे केवढी उमेदवारी होती, याची कल्पना येते.

२६ मे १८८५ रोजी गुजरातेत त्यांचा जन्म झाला आणि बालपणही बरेचसे तिकडेच गेले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्यात मॅट्रिक होऊन ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले खरे, पण परीक्षेत अपयश आले आणि शिक्षण तेथेच थांबले. पदवी नाही, पैसा नाही, अशा अवस्थेत हा तरुण किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. काम होते कंपनीतील मुलांना शिकविण्याचे. प्रतिष्ठित घरांतून नाटकवाल्यांकडे फारशा आदराने पाहिले जात नव्हते, असा तो काळ. गडकऱ्यांना मात्र हीच शाळा लाभली. कोणते वाक्य नटाच्या तोंडी सहज बसते, कोणत्या जागी प्रेक्षक हसतो आणि कोठे त्याचे लक्ष उडते, हे पुस्तकांतून न कळणारे ज्ञान त्यांना रंगमंचाच्या आतल्या बाजूने मिळाले.

गुरूही त्यांनी स्वतःच निवडला. मूळचे नागपूरचे, १८७१ मध्ये येथेच जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे वऱ्हाडात वकिली करीत नाटके आणि विनोदी लेख लिहीत. त्यांच्या 'सुदाम्याचे पोहे' या लेखमालेने मराठीत विनोदाचे नवे दालन उघडले होते. गडकऱ्यांनी त्यांचे शिष्यत्व उघडपणे मान्य केले आणि त्याच वळणाने 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले. कवितेसाठी त्यांनी गोविंद या धाकट्या भावाच्या नावावरून 'गोविंदाग्रज' हे नाव घेतले. नाटके तेवढी स्वतःच्या नावावर. तीन नावांनी तीन प्रकारचे लेखन करताना प्रत्येकाची भाषा त्यांनी निराळी ठेवली.

त्या काळी नवोदिताला छापून येण्याचा राजमार्ग म्हणजे मासिके. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने गोविंदाग्रजांची कविता घरोघरी पोहोचविली. प्रसिद्धी मिळू लागली तरी स्वतःच्या व्यवसायातील ढोंगे गडकऱ्यांना दिसत होती. 'कवींचा कारखाना' या लेखात त्यांनी ठरीव कल्पना आणि उसन्या शब्दांवर चालणाऱ्या काव्यनिर्मितीची मनसोक्त थट्टा केली आहे. लिहू इच्छिणाऱ्याने तो लेख आजही वाचावा.

शिष्य गुरूच्या पुढे कसा गेला, हे 'एकच प्याला'त दिसते. मद्यपानाचा विषय कोल्हटकरांनी 'मूकनायक'मध्ये आधीच हाताळला होता. पण तेथील जग अद्भुतरम्य होते. गडकऱ्यांनी तोच विषय सुधाकर आणि सिंधू यांच्या मध्यमवर्गीय घरात आणला आणि त्याची शोकांतिका केली. तळीरामाचा विनोद ऐकून हसणारा प्रेक्षक पुढच्याच प्रवेशात सुन्न होतो, ही किमया अनुकरणाने साधत नाही. दोष त्यांच्यातही होते. शब्दांचा सोस, कोट्यांची आतषबाजी आणि लांबलचक अलंकारिक भाषणे यांवर टीकाकारांनी बोट ठेवले आहे; आजच्या वाचकालाही ती भाषा काही ठिकाणी जड वाटते.

मराठी नाट्यसृष्टीला त्यांच्याकडून अजून पुष्कळ हवे होते. 'प्रेमसंन्यास' आणि 'पुण्यप्रभाव' गाजले होते, संभाजीराजांच्या जीवनावरील 'राजसंन्यास' अर्धेच राहिले होते आणि नव्यानेच निघालेल्या बलवंत संगीत मंडळीला 'भावबंधन' हवे होते. आजार बळावल्यावर त्यांना सावनेरला आणण्यात आले. हाती उरलेल्या दिवसांत सगळेच पुरे होणे शक्य नव्हते. 'भावबंधन' पूर्ण झाले. 'राजसंन्यास' अपुरे राहिले ते कायमचेच.

त्यांच्या निधनाला महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली होती. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि सुधाकर झाले होते गणपतराव बोडस. दोघेही किर्लोस्कर मंडळीतूनच पुढे आलेले. 'वाग्वैजयंती' हा कवितासंग्रह १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विनोदी लेखही पुढे ग्रंथरूपाने आले. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील लेखकांनी त्यांचे ऋण आवर्जून मान्य केले.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनामुळे हे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. सावनेरची आठवण मात्र तितकी होत नाही. औषधपाण्याच्या त्या दिवसांत, वाचक आणि प्रेक्षक यांपासून दूर, गडकरी एक नाटक शेवटच्या प्रवेशापर्यंत लिहीत राहिले, ते याच गावात.