ध्वनिपट्टीमागचे दामलेमामा

मोटारशर्यतींवरील जुने चित्रपट परदेशात नव्याने डागडुजी होऊन घरी पाहण्याच्या तबकड्यांवर येत असतात आणि त्यांचे शौकीन ते हौसेने विकत घेतात. जॉन फ्रँकनहाइमर यांचा १९६६ सालचा 'ग्रां प्री' हा त्यांतला एक ठळक चित्रपट. शर्यतीच्या गाड्यांवर कॅमेरे बांधून तो चित्रित झाला आणि त्याला मिळालेली तिन्ही ऑस्कर पारितोषिके ध्वनी, ध्वनिपरिणाम व संकलन या पडद्यामागच्या कामांसाठी होती. कथा यथातथाच आहे, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. तरीही माणसे तो पुन्हा पाहतात, कारण त्यातील वेग खरा आहे आणि यंत्राचा आवाजही खरा आहे. घरगुती प्रत काढणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली आणि चित्राइतकीच ध्वनीचीही काळजी घेतली.

वाशी-नेरुळच्या सदनिकेत बसून असा चित्रपट पाहणारा विद्यार्थी त्याच पडद्यावर 'संत तुकाराम' लावतो तेव्हा बहुधा त्याच्या वाट्याला प्रतीवरून काढलेली प्रत येते. चित्र फिकट, आवाज खरखरीत. जुना चित्रपट म्हणजे असाच असायचा, अशी त्याची समजूत होते. ही समजूत ज्या माणसावर सर्वांत मोठा अन्याय करते, त्याचा जन्म नवी मुंबईपासून फार दूर झालेला नाही. पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागले की पेण येते. गणेशमूर्तींसाठी विख्यात असलेल्या या गावी १४ ऑक्टोबर १८९२ रोजी विष्णुपंत गोविंद दामले जन्मले. त्या वेळी हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले.

दामल्यांचे खरे विद्यापीठ कोल्हापूर. तेथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत आणि चलच्चित्राचे स्वप्न पाहत होते. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने चित्रीकरणाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवून पुरा केला. विकत घेतलेले यंत्र चालवणे वेगळे आणि यंत्र स्वतः घडवणे वेगळे. ज्याने कॅमेऱ्याचा प्रत्येक दात आणि प्रत्येक पट्टा हाताखालून घातलेला असतो, त्याला पुढे कोणत्याही यंत्राची भीती वाटत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. तेथेच दामल्यांची आणि फत्तेलाल यांची जोडी जमली. एक कोकणातला ब्राह्मण, दुसरा मुसलमान कलावंत. एकाला दामलेमामा म्हणत, दुसऱ्याला साहेबमामा. या दोघांनी मिळून १९२८ मध्ये 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला.

पुढल्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे कारागीर, तर पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी भांडवल पुरवणारे. प्रभातचे नाव निघाले की शांतारामांचे नाव ओघाने येते, आणि ते यावेच. परंतु पाच जणांच्या संस्थेचा इतिहास एकाच्या चरित्रात गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडे जी खोड आहे, तिच्यामुळे दामल्यांसारखी माणसे श्रेयनामावलीत उरतात आणि स्मरणातून जातात.

बोलपट आला तेव्हा प्रभातपुढे मूकपटाच्या पुण्याईवर बसून राहण्याचा मोह असणार. दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी अंगावर घेतली. हे काम त्या काळी काय होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. ध्वनिग्राहकाने टिपलेल्या आवाजाचे विजेच्या प्रवाहात, त्या प्रवाहाचे कमीअधिक प्रकाशात आणि त्या प्रकाशाचे फितीच्या कडेवरील बारीक रेघांत रूपांतर करायचे. चित्रपटगृहात हाच प्रवास उलट्या दिशेने व्हायचा. चुंबकीय फीत नव्हती, म्हणून घेतलेला आवाज तत्काळ ऐकून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. फीत धुऊन आली की मगच काय साधले आणि काय बिघडले ते कळे. पार्श्वगायनही रुळले नव्हते. नटनटी अभिनय करता करता गात आणि साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर दडून साथ करीत. वाऱ्याचा झोत, दूरचे कुत्रे, पायघड्यांवरील पावलांचा आवाज, सारेच गाण्याबरोबर फितीत उतरे. अशा परिस्थितीत १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांची पदे त्यात ऐकू येतात, त्यामागे दामल्यांचे कान आहेत.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली आणि १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल जोडीने 'संत तुकाराम' दिला. शिवराम वाशीकरांची पटकथा, केशवराव भोळे यांचे संगीत, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या आणि गौरी जिजाईच्या भूमिकेत. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेले एक पद तर इतके एकजीव झाले की पुष्कळांना ते तुकोबांचाच अभंग वाटले. चमत्कार त्यात आहेत, शेवटी वैकुंठाला जाणारे विमानही आहे. पण ते चमत्कार जिजाईच्या चुलीशेजारी घडतात. देवावर रागावलेली, पोरांच्या भुकेने गांजलेली ही बाई पडद्यावर असेतो भक्तीला भाबडेपणा येत नाही. माझ्या मते दिग्दर्शकांचा खरा पराक्रम विमानापेक्षा येथे आहे. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये त्याचा गौरव झाला.

त्यानंतर या जोडीचे 'गोपाळकृष्ण' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) आणि 'संत सखू' (१९४१) आले. मात्र भागीदारांमधील एकोपा विरत चालला होता. धायबर आधीच गेले होते. १९४२ मध्ये शांतारामही बाहेर पडले. दामल्यांची प्रकृती ढासळली आणि ५ जुलै १९४५ रोजी, वयाची त्रेपन्न वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे पुण्यात निधन झाले. प्रभात त्यानंतर जेमतेम आठ वर्षे तगली. १९५३ मध्ये तिला टाळे लागले आणि तिच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली.

चित्रपटांचे हाल यापुढचे. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे जवळजवळ स्फोटकाच्या जातीच्या. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडारास आग लागून जुन्या फिती भस्मसात झाल्या. प्रभातचा ठेवाही त्यात होता. सुरक्षित फितीवर आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या, एवढाच दिलासा. व्हेनिसच्या त्या मानपत्राची कथा तर याहून बोलकी आहे. ते १९७४ पासून गहाळ होते. एका चलच्चित्रकाराने जपून ठेवलेले ते २००४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे परत आले. मधली तीस वर्षे त्याच्यावाचून कोणाचे काही अडल्याचे दिसत नाही.

दामल्यांच्या वंशजांनी प्रभातचे चित्रपट व्हीसीडी-डीव्हीडीवर आणले, हे उपकारच म्हणावे लागतील. त्या तबकड्यांमुळे मराठी घरांत तुकाराम आणि ज्ञानेश्वर पुन्हा दिसले. परंतु तबकडी वाजवणारे यंत्रच आता बहुतेक घरांतून हद्दपार झाले आहे आणि एका कुटुंबाने पदरमोड करून किती करायचे, यालाही मर्यादा आहे. केंद्राची राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम आहे. चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. जतन आणि वितरण ही दोन्ही कामे अशा रीतीने एका छपराखाली आली आहेत. मग 'अयोध्येचा राजा' आणि 'संत तुकाराम' यांची, उपलब्ध फितींपैकी सर्वांत चांगल्या फितीवरून, ध्वनिपट्टीसह नीट शुद्ध केलेली प्रत शाळा-महाविद्यालयांना आणि पालिकांच्या वाचनालयांना अल्प दरात का मिळू नये? तिच्यासोबत चार पानांची पुस्तिका असावी, आणि तीत ध्वनिमुद्रकाचे नाव नटांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. ध्वनी शुद्ध करताना मात्र खरखरीबरोबर गायकाचा श्वासही पुसला जाणार नाही, हे पाहण्यासाठी यंत्राबरोबर संगीत जाणणारा माणूस बसवावा लागेल. खर्च होईल तो येथेच, आणि निविदेत काटछाट होण्याचा संभव आहे तोही येथेच.