दत्तगुरूंना घरोघर नेणारा चित्रकार

आमच्या वसईच्या घरात ओटीवर दोन जुन्या तसबिरी आहेत. एक दत्तगुरूंची, दुसरी विश्वामित्र-मेनकेची. गिरीजच्या हिराडोंगरीवरून दर्शन घेऊन आलं की आजी पहिलीला हार घालायची आणि दुसरीकडे पाठ करायची. देवाशेजारी अप्सरा कशाला, यावरून आजोबांशी तिचं कायम वाजायचं. दोन्ही चित्रं एकाच हातची, राजा रविवर्मांची, हे मला फार उशिरा कळलं.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणप्रसंगांची १४ चित्रं करून घेतली. पण महालातलं चित्र गरिबाला कुठून दिसणार? त्या काळी कित्येकांना तर देवळाचं दारही बंद होतं.

म्हणून १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. यंत्रं जर्मनीहून आणली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. छापावर छाप पडत जाई, तेव्हा कुठे चित्र पुरं व्हायचं. तिथून निघालेलं पहिलं चित्र शकुंतलाजन्माचं. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि ऋषी हात आडवा धरून तोंड फिरवताहेत. मग लक्ष्मी, सरस्वती, दत्तगुरू घरोघर गेले. छापखाना पुढे मळवलीला हलला, पण कर्ज काही फिटेना. अखेर तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. कामात सदैव सोबत असलेला भाऊ राजवर्मा १९०५ साली गेला. २ ऑक्टोबर १९०६ ला रविवर्मांनीही देह ठेवला.

आमच्याकडे ओटीवरची ती दुसरी तसबीर आहे शकुंतलाजन्माचीच. लेकीनं आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं मी तिच्या बाळाचं तोंड पाहिलं नव्हतं. गेल्या मार्गशीर्षात तसबिरी पुसताना हात थांबला. मोहात पडले ऋषी, आणि शिक्षा त्या लेकराला! शेजारी दत्तगुरू. अनसूयामातेचं सत्त्व पाहायला साक्षात तिन्ही देव आले, पण तिनं तोंड फिरवलं नाही. त्यांचीच बाळं करून मांडीवर घेतली. आपले दत्तगुरू त्या मांडीवरचे.

त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. दत्तजन्माच्या पाळण्याची दोरी यंदा नातीच्या हातात होती. हार मी दोन्ही तसबिरींना घातला.

श्रीगुरुदेव दत्त!