दादासाहेब मावळंकर आणि नेमबाजीचे मैदान

भारतातील नेमबाजीच्या मैदानांवर ‘मावळंकर’ हा शब्द एखाद्या व्यक्तीच्या नावासारखा उच्चारला जात नाही. मावळंकर खेळायची असते, मावळंकर पार करायची असते आणि ती पार झाली की राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा दरवाजा उघडतो. पंजाबच्या, केरळच्या किंवा आसामच्या ज्या मुलाने खांद्याला रायफल लावून हा टप्पा ओलांडलेला असतो, त्याला हे नाव कोणाचे असे विचारले तर बहुधा उत्तर येत नाही. स्पर्धेच्या नावाने माणूस जगावा आणि त्याच नावाखाली तो झाकून जावा, असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजेच अहमदाबादचे दादासाहेब, हे त्यांपैकी एक होत. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे सभापती म्हणून इतिहासाने त्यांची नोंद केली आहे. पण 1951 साली स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक व पहिले अध्यक्ष तेच होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या कडेला एखाद्या टिपेसारखी पडून राहिली आहे.

मावळंकरांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. त्यांचा जन्म मात्र 27 नोव्हेंबर 1888 रोजी बडोद्यात झाला. प्रारंभीचे शिक्षण राजापूर व इतर ठिकाणी घेऊन 1902 साली ते अहमदाबादला आले आणि त्या शहराचेच होऊन गेले. गुजरात कॉलेजातून 1908 मध्ये विज्ञान विषय घेऊन ते बी. ए. झाले. पुढील वर्षी त्याच कॉलेजात ते दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेतून पुढे इंग्रजी अमदानीत निघालेल्या या विद्यावृत्तीचा लाभ साबरमतीच्या काठी एका कोकणी घराण्यातील तरुणाला व्हावा, हा योग मनोज्ञ आहे. 1912 मध्ये कायद्याची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण होऊन दुसऱ्याच वर्षी त्यांनी वकिली सुरू केली, आणि अल्पावधीतच त्यांची गणना शहरातील अग्रगण्य वकिलांत होऊ लागली.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस दोन प्रकारे राहतो. एक आपली वसाहत उभारून, तिच्यात गणपती व नाटक सांभाळून. दुसरा जेथे गेला तेथील भाषेत, तेथील लोकांच्या सुखदुःखात मिसळून. दादासाहेब दुसऱ्या प्रकारातले होते. त्यांनी आपले महत्त्वाचे लेखन गुजरातीत केले. 1916 मध्ये ते गुजरात सभेचे चिटणीस झाले आणि 1918 च्या खेडा सत्याग्रहात गांधीजी व वल्लभभाई यांच्या बरोबरीने उतरले. 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसच्या स्वागत समितीची चिटणिशीही त्यांच्याकडे होती. नगरपालिकेत ते 1919 पासून वेळोवेळी निवडून आले व तिचे अध्यक्षही झाले. असहकार, मिठाचा सत्याग्रह, 1942 चा लढा या क्रमाने येणारे तुरुंगवास त्यांच्या वाट्याला आले. त्यांची बेरीज सुमारे सहा वर्षांची होते.

या तुरुंगवासांपैकी शेवटचा येथे विशेष महत्त्वाचा आहे. 1942 नंतरच्या काळात राजकीय कैद्यांखेरीज खून, दरोडे यांसाठी शिक्षा झालेले कैदीही त्यांच्या सहवासात आले. वकील म्हणून गुन्हेगार त्यांना नवे नव्हते. परंतु न्यायालयात वकिलासमोर अशील असतो, तुरुंगात शेजारी माणूस असतो. दादासाहेब या लोकांशी बोलत बसले, त्यांच्या हकिकती त्यांनी ऐकून घेतल्या आणि त्यांतून ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक सिद्ध झाले. ज्याच्या हाताने शस्त्र चालवले तो माणूस शस्त्राहून निराळा असतो, त्याच्या आत कोठे तरी ओलावा असतो, ही जाणीव या पुस्तकाच्या मुळाशी आहे. पुढे रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारणारे मावळंकर समजून घ्यायचे तर या पुस्तकाच्या लेखकापासूनच आरंभ करावा लागतो.

कारण प्रश्न उघड आहे. गांधीजींचा अनुयायी, कस्तुरबा स्मारक व गांधी स्मारक निधी या संस्थांची धुरा वाहणारा माणूस रायफलीच्या मैदानावर कसा आला? तेही गांधीजी पिस्तुलाच्या गोळीला बळी पडल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी? याकडे विसंगती म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. 1878 च्या शस्त्रविषयक कायद्याने भारतीय माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याच्या कुलपात बंद केले होते. हे निःशस्त्रीकरण म्हणजे इंग्रजी राज्याच्या मोठ्या पापांपैकी एक, असे गांधीजींनीही 1918 साली मानले होते, आणि तेही खेडा जिल्ह्यातच, सत्याग्रहाच्या पाठोपाठ सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडताना. ज्याला शस्त्र चालवताच येत नाही त्याचा शस्त्रत्याग हा त्याग ठरत नाही, हा विचार त्या पिढीच्या परिचयाचा होता. राज्य आपले झाल्यावर नागरिकाच्या हाताला शिस्त लावण्याचे काम नागरिकांनीच अंगावर घ्यावे, हे त्यातून ओघाने येते. नेमबाजीचा प्रसार आणि नागरिकांना स्वसंरक्षणाचे शिक्षण असे दोन्ही हेतू संघटनेने आरंभीच पुढे ठेवले होते.

या कामाचे खरे स्वरूप मैदानाबाहेरचे होते. क्रिकेटसाठी मुलाला फळकूट आणि चेंडू मिळाला की पुरे. नेमबाजीत पहिली अडचण परवान्याची, दुसरी काडतुसांची, तिसरी गोळी अडवणाऱ्या मातीच्या बंधाऱ्यासह सुरक्षित मैदानाची. राजेरजवाड्यांकडे या तिन्ही गोष्टी होत्या. त्यामुळे नेमबाजी म्हणजे शिकार आणि शिकार म्हणजे संस्थानिक, असे समीकरण रूढ झाले होते. शाळामास्तराच्या किंवा कारकुनाच्या मुलाने पन्नास मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर गोळी मारायची तर त्याच्या पाठीशी सरकारला विश्वासार्ह वाटेल अशी संस्था उभी राहणे अवश्य होते. लोकसभेच्या सभापतींचे नाव त्या संस्थेच्या माथ्यावर असणे ही म्हणून केवळ शोभा नव्हती. त्या नावाने नेमबाज हा संशयित नसून खेळाडू आहे, हे न बोलता सांगितले. दादासाहेबांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1959 साली, जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट बावीस रायफलीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद झाली, आणि प्रशिक्षण घेणाऱ्या अल्पवयीन मुलांचाही विचार झाला.

संघटना स्थापन झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, हरिहर बॅनर्जी व सौरेन चौधरी हे बंगाली नेमबाज भारतातर्फे उतरले. पदक लांबच होते. परंतु शिकारखान्याशी संबंध नसलेला भारतीय, जमिनीवर पालथा पडून, जगातील नेमबाजांच्या रांगेत गोळी मारतो आहे, हे दृश्यच नवे होते.

बाहेरून पाहणाऱ्याला या खेळात काही घडतच नाही असे वाटते. पन्नास मीटरवरच्या रायफलीच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ केवळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. तीनशे मीटरवर ते 100 मिलिमीटरचे होते. तेवढ्या अंतरात वारा गोळीला ढकलतो, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लक्ष्य आहे त्याहून किंचित निराळ्या जागी दिसू लागते. नेमबाज वाऱ्याची झुळूक सरण्याची वाट पाहतो, श्वास अर्ध्यावर रोखतो आणि चाप ओढत नाही, दाबत नेतो. घाई झाली की गुण गेला. हट्ट धरून फार वेळ रोखून राहिला तरी हात कापू लागतो व गुण जातोच. मन आवरणे हाच या खेळातला मोठा भाग आहे.

सभापतीच्या आसनावरील मावळंकर पाहिले की हे वर्णन आठवते, हा केवळ योगायोग म्हणावा. 1937 ते 1946 मुंबई विधानसभेचे सभापतिपद सांभाळून ते मध्यवर्ती विधानसभेत आले. 24 जानेवारी 1946 रोजी तेथील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सरकारचा पाठिंबा असलेले सर कावसजी जहांगीर त्यांच्यासमोर होते. मावळंकर 66 विरुद्ध 63, म्हणजे तीन मतांनी निवडून आले. स्वातंत्र्यानंतर 17 नोव्हेंबर 1947 रोजी संविधान सभेच्या विधिमंडळ शाखेचे आणि 15 मे 1952 रोजी पहिल्या लोकसभेचे सभापतिपद त्यांच्याकडे आले. या वेळी प्रतिस्पर्धी होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे. दिल्लीच्या त्या सभागृहात सभापतिपदाचे दोन्ही उमेदवार मराठी होते, याची आज फारशी कोणाला आठवण नाही. निकाल 394 विरुद्ध 55 असा लागला.

सरकारी पक्षाचे प्रचंड बहुमत आणि पंतप्रधानपदी नेहरूंसारखा लोकप्रिय नेता, अशा सभागृहात सभापतीने सौम्य राहणे सोयीचे होते. दादासाहेबांनी ती सोय घेतली नाही. अध्यादेशांवर राज्य चालवण्याची सवय लोकशाहीला घातक आहे, असे त्यांनी नेहरूंना पत्रे लिहून स्पष्ट कळवले. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पुरी होतात की नाही हे पाहणारी समिती 1953 मध्ये त्यांच्याच काळात निघाली. तथापि त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप झालाच नाही असे नाही. 18 डिसेंबर 1954 रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहात चर्चेला आला. तो फेटाळला गेला. परंतु विरोधकांची तक्रार पूर्णपणे निराधार मानून ते प्रकरण पुसून टाकणे चरित्रकाराला शोभणार नाही. मावळंकर पक्षाचे सभासदत्व सोडून देणाऱ्या इंग्रजी परंपरेतले नव्हते. त्यांनी काँग्रेसशी नाते ठेवले आणि आसनावर निःपक्षपाती राहण्याचा प्रयत्न केला. हे दोन्ही साधते काय, हा प्रश्न त्यांच्यानंतरच्या सभापतींनाही सुटलेला नाही.

तरुणांसाठी स्वतःला खर्ची घालण्याची त्यांची वृत्ती मात्र वादातीत होती. गुजरात विद्यापीठात त्यांनी कायदा शिकवला तो वेतन न घेता. 1935 मध्ये कस्तुरभाई लालभाई व अमृतलाल हरगोविंददास यांच्यासह त्यांनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी उभी केली. शहरातील अनेक महाविद्यालये तिच्या छायेत वाढली. गिरणीमालकाचा पैसा आणि वकिलाची चिकाटी यांचा असा संयोग मुंबईतही क्वचितच पाहायला मिळाला. एकदा संस्था काढली की तिची घटना लिहिणे, हिशेब तपासणे, मान्यतेसाठी सरकारदरबारी खेपा घालणे ही कंटाळवाणी कामे त्यांना कमीपणाची वाटत नसत. नेमबाजाला गुरू दोन प्रकारचे लागतात : एक खांद्यामागे उभा राहून कोपर सरळ करणारा, दुसरा त्या मुलाला मैदानापर्यंत पोहोचू देणारा. पहिल्याचे ऋण मुलगा जन्मभर सांगतो. दुसऱ्याचे त्याला ठाऊकही नसते. दादासाहेब दुसऱ्या जातीचे गुरू होते, आणि द्रोणाचार्यांप्रमाणे त्यांनी कोणाचा अंगठा मागितला नाही, की कोण कुठल्या कुळातला हे विचारले नाही.

सभापतिपदावर असतानाच 27 फेब्रुवारी 1956 रोजी अहमदाबाद येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या रिकाम्या जागेवर त्याच वर्षी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुत्र पुरुषोत्तम मावळंकर हेही पुढे लोकसभेत अहमदाबादचे प्रतिनिधी झाले. रायफल संघटनेने राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडच्या पायरीला संस्थापकाचे नाव दिले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच प्रकाराची चाचणी देण्यासाठी आजही राज्याराज्यांतील मुले रायफलीची लांबट पेटी घेऊन रेल्वेने निघतात आणि कोठे चाललात असे विचारले की मावळंकरला, असे सांगतात.