स्तेफान कोपेच

कढीपत्त्याच्या झाडावरची हिरवी अळी तुम्ही पाहिली असेल. ती दिवसभर पाने खाते. मग एके दिवशी खाणे थांबवते आणि कोशात जाते. काही दिवसांनी त्या कोशातून सुंदर फुलपाखरू बाहेर पडते. पण कोश करण्याची वेळ झाली, हे अळीच्या शरीराला कोण सांगते? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे स्तेफान कोपेच.

कोपेच यांचा जन्म १८८८ साली पोलंडमध्ये झाला. त्या वेळी पोलंड पारतंत्र्यात होता. कोपेच यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. प्रयोगांसाठी त्यांनी जिप्सी नावाच्या पतंगाच्या अळ्या निवडल्या. या अळ्या पाने खाऊन झाडे उजाड करतात.

अळी वाढताना अनेक वेळा कात टाकते. अळीने शेवटची कात टाकली, की कोपेच तिच्या शरीराला मधोमध दोरा घट्ट बांधत. त्यामुळे पुढच्या भागातील रक्त मागच्या भागात जात नसे. काही दिवसांनी पुढच्या भागाचा कोश होई. मागचा भाग मात्र अळीच राही! दोरा उशिरा बांधला, तर दोन्ही भागांचा कोश होई.

मग त्यांनी अळीचा मेंदू काढून पाहिला. मेंदू लवकर काढला, तर अळी जिवंत राही, पण कोश करीत नसे. दहा दिवसांनी काढला, तर कोश होई. मज्जातंतू तोडले, तरीही कोश होई. म्हणजे मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून नव्हे, तर रक्तातून जात होता. रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा पदार्थाला संप्रेरक म्हणतात.

हे संशोधन १९१७ आणि १९२२ साली प्रसिद्ध झाले. पण मेंदू ग्रंथीसारखे काम करतो, हे तेव्हा शास्त्रज्ञांना पटले नाही. कोपेच मात्र आपले काम करीत राहिले. १९३२ साली ते वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९३९ साली जर्मनीने पोलंड जिंकला. विद्यापीठ बंद झाले. पोलिश मुलांना उच्च शिक्षण देणे हा गुन्हा ठरला. तरीही कोपेच गुप्तपणे शिकवत राहिले. पुढे त्यांना अटक झाली. जर्मनांना साथ देणाऱ्या एका नटाची वॉर्सात हत्या झाली. तिचा सूड म्हणून ११ मार्च १९४१ रोजी पालमिरीच्या जंगलात २१ कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत निरपराध कोपेचही होते. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते.

माणूस गेला, पण त्याचे काम टिकले. इंग्लंडमधील विगल्सवर्थ यांच्या प्रयोगांनी कोपेच यांच्या म्हणण्याला बळ दिले. मेंदूचे संप्रेरक अळीच्या छातीतील ग्रंथींना जागे करते आणि त्या ग्रंथी कात टाकण्याचे संप्रेरक तयार करतात, हे पुढे कळले. १९५४ साली रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो कोशांतून हे दुसरे संप्रेरक अवघे २५ मिलिग्रॅम मिळाले! आज या ज्ञानातून पिकांवरील किडी रोखणारी औषधे तयार झाली आहेत. पण अळीच्या मेंदूतून निघणारा तो निरोप प्रथम ओळखला, तो कोपेच यांनीच.