परसांतील ज्योतिर्विद बर्नहॅम

शेरबर्न वेस्ली बर्नहॅम ह्यांचा जन्म १८३८ सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट येथें झाला. शिकागो शहरीं दिवसा न्यायालयांत लघुलेखन करावें व रात्रीं परसांतील ६ इंची दुर्बिणीस डोळा लावून बसावें, असा त्यांचा क्रम असे. नुसत्या डोळ्यांस एक, परंतु दुर्बिणींतून दोन दिसणारे जोडतारे हा त्यांचा छंद. हर्शेल व स्ट्रूव्ह ह्यांच्यानंतर असे नवे तारे फारसे उरले नसावेत, असें पुष्कळ जाणत्यांस वाटे. बर्नहॅम ह्यांनीं त्या लहानशा दुर्बिणीनेंच ४५१ हुडकून काढिले! क्लार्क ह्यांचें भिंग उत्कृष्ट होतें खरें. पण आम्हांस नवल वाटतें तें त्या डोळ्याचें. १९०६ सालीं त्यांची १३,६६५ जोडताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली. यर्कीझ वेधशाळेची ४० इंची दुर्बीण हातीं आल्यावरही ते कचेरी सांभाळून शनिवार-रविवारच्या रात्रीं तेथें वेध घेण्यास जात. १९२१ सालीं ते वारले.