हरलेला जेता, चुकलेला पंच

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ५ डिसेंबर १९४७ च्या रात्री पंधरावी फेरी संपल्याची घंटा झाली, तेव्हा जगज्जेता जो लुई निकालाची वाट न पाहताच रिंगणाबाहेर पडू लागला. दहा वर्षे हेवीवेट गटाचे अजिंक्यपद सांभाळणारा हा मुष्टियोद्धा त्या रात्री दोनदा जमिनीवर पडला होता आणि आपले पद गेले अशी त्याची स्वतःचीच समजूत झाली होती. त्याच्या माणसांनी त्याला थोपवून धरले. थोड्याच वेळात दोन विरुद्ध एक अशा मतांनी लुईच विजयी ठरल्याचे जाहीर झाले आणि सुमारे अठरा हजार प्रेक्षकांनी निषेधाचा एकच गदारोळ केला. ज्याच्या हातून जगज्जेतेपद असे निसटले, तो आव्हानवीर म्हणजे जर्सी जो वॉलकॉट. या निकालावर रसिकांनी पुढे कित्येक वर्षे वाद घातला. परंतु त्या वादाचा उलगडा व्हावयाचा असेल, तर एका रात्रीपुरते न पाहता वॉलकॉटचे सारे आयुष्य पाहावयास हवे. ज्याच्याविरुद्ध निकाल लागला तो, निकाल देणारा पंच आणि निकालांची व्यवस्था पाहणारा अधिकारी, अशा तिन्ही भूमिका या एकाच माणसाच्या वाट्यास आल्या.

त्याचे मूळ नाव अर्नोल्ड रेमंड क्रीम. ३१ जानेवारी १९१४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात त्याचा जन्म झाला. वडील वेस्ट इंडीजमधून आलेले. ते वारले तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. मोठ्या कुटुंबाचा भार हलका करण्यासाठी शाळा सोडून तो सूप बनविण्याच्या कारखान्यात कामास लागला. १९३० साली तो पैशासाठी लढू लागला, तेव्हा बार्बाडोसचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जो वॉलकॉट या पूर्वीच्या जगज्जेत्याचे नाव त्याने घेतले आणि त्याला आपल्या राज्याचे नाव जोडले. पुढची पंधरा वर्षे हलाखीची गेली. विषमज्वराने एक चांगली संधी हिरावली. लढतींचे मोल तुटपुंजे, घरी बायको आणि सहा मुले. कधी सरकारी मदतीवर, कधी अंगमेहनतीच्या कामावर दिवस काढावे लागले. १९३६ साली तो जो लुईच्या सरावासाठी रोजंदारीवर ठोसे खाणाऱ्यांपैकी एक होता. तोच अकरा वर्षांनी लुईसमोर आव्हानवीर म्हणून उभा राहिला, तेव्हा पैजा लावणाऱ्यांनी त्याला दहास एक असा भाव दिला होता.

वॉलकॉटने पहिल्याच फेरीत लुईला पाडले, चौथ्या फेरीत पुन्हा पाडले. शेवटच्या टप्प्यात मात्र, आपण पुढे आहोत या भरवशावर, तो अंतर राखून बचावाने लढला. येथेच निकालाचे बीज पडले. त्या वेळी न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक फेरी कोणी जिंकली एवढेच पाहिले जाई आणि अशा जिंकलेल्या फेऱ्यांची बेरीज केली जाई. रिंगणातील पंच आणि बाहेर बसलेले दोन गुणपंच अशा तिघांस प्रत्येकी एक मत असे. प्रतिस्पर्ध्याला लोळविणारी फेरी आणि केवळ दोन-चार ठोशांच्या फरकाने पदरात पडलेली फेरी, दोन्हींचे मोल सारखेच. गुणपंच फ्रँक फोर्ब्स यांनी लुईस आठ, वॉलकॉटला सहा आणि एक फेरी समसमान, असा हिशेब मांडला. दुसरे गुणपंच मार्टी मन्रो यांनी लुईस नऊ आणि वॉलकॉटला सहा फेऱ्या दिल्या. सर्वांत जवळून पाहणारे पंच रुबी गोल्डस्टीन यांनी मात्र वॉलकॉटला सात, लुईस सहा आणि दोन फेऱ्या समसमान ठरविल्या. रिंगणालगत बसलेल्या बहुसंख्य वार्ताहरांचा कौल वॉलकॉटकडे होता. तरीही नियमाप्रमाणे दोघांचे मत एकावर भारी ठरले.

अशा वेळी पंचांच्या सचोटीवर शंका घेणे सोपे असते. पण या तिघांची मते तशीच ठेवून केवळ हिशेबाची रीत बदलून पाहावी. आज फेरी जिंकणाऱ्यास दहा आणि हरणाऱ्यास बहुधा नऊ गुण देतात. हरणारा एकदा खाली पडला असेल, तर त्यास सामान्यतः आठच मिळतात. तिघांनीही पहिली व चौथी फेरी वॉलकॉटला दिली असे धरले, तर या रीतीने फोर्ब्स यांच्या कागदावर दोघांचे १४२ गुण होऊन बरोबरी होते. मन्रो यांच्याकडे लुईचे १४२ व वॉलकॉटचे १४१ होतात. गोल्डस्टीन यांच्याकडे वॉलकॉटचे १४४ व लुईचे १४१. एक मत इकडे, एक तिकडे आणि एक मध्ये. म्हणजे सामना बरोबरीत सुटतो. तिन्ही कागदांची सरसकट बेरीज केली, तर वॉलकॉट ४२७ विरुद्ध ४२५ असा विजयी ठरतो. सामना तोच, डोळे तेच, मतेही तीच. पण बेरजेच्या तीन रीतींनी तीन निकाल लागतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. एखाद्या असामान्य उत्तराला किती जादा गुण द्यावयाचे, हे आधी ठरविणारा नियमच पुष्कळदा क्रमांक ठरवितो.

अर्थात सारा दोष बेरजेवर टाकूनही चालणार नाही. आव्हानवीराने पद हिसकावून घ्यावयास हवे, निसटत्या फरकाने ते त्याला देऊ नये, अशी मुष्टियुद्धात एक अलिखित रूढी आहे. शेवटच्या फेऱ्यांत मागे सरणाऱ्या वॉलकॉटला ती भोवली असल्यास नवल नाही. मात्र बरोबरी झाल्यास पद विजेत्याकडेच राहावे, हा त्याला मिळणारा उघड लाभ. त्यावर प्रत्येक फेरीत संशयाचा फायदाही त्यालाच दिला, तर आव्हानवीराकडून दुहेरी मोल वसूल केले जाते. लेखी नियमाची तपासणी होऊ शकते. अलिखित नियमाची होत नाही. म्हणून तो अधिक अन्याय करतो.

वॉलकॉटला पुन्हा संधी मिळाली, हे त्याचे भाग्य. २५ जून १९४८ रोजी यांकी स्टेडियमवर त्याने लुईला पुन्हा एकदा पाडले, पण अकराव्या फेरीत तो स्वतःच गारद झाला. लुई निवृत्त झाल्यावर १९४९ साली आणि पुन्हा मार्च १९५१ मध्ये एझार्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरविले. अखेर पाचव्या प्रयत्नात, १८ जुलै १९५१ रोजी पिट्सबर्ग येथे, सातव्या फेरीतील एका डाव्या ठोशाने त्याने चार्ल्सला झोपविले आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. त्या रात्री कोणाच्या कागदाकडे पाहण्याची गरजच उरली नाही. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्याने चार्ल्सविरुद्ध पद राखले ते मात्र गुणांवर, आणि चार्ल्स सरस होता असे म्हणणारे वार्ताहर त्याही वेळी पुष्कळ निघाले. १९४७ साली जो संशय त्याच्याविरुद्ध गेला, तो या वेळी त्याच्या पथ्यावर पडला. सप्टेंबर १९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानोविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर तो तिन्ही कागदांवर पुढे होता. तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने तो सारा हिशेब निरर्थक ठरला. मे १९५३ मध्ये शिकागोत पहिल्याच फेरीत त्याची लढत संपली, तेव्हा पंचांनी अंक घाईने मोजले अशी त्याची तक्रार होती.

अंक मोजणे किती कठीण असते, हे बारा वर्षांनी त्याला दुसऱ्या बाजूने कळले. २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातील लुइस्टन या लहानशा गावी महंमद अली आणि सनी लिस्टन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तो पंच होता. पहिल्याच फेरीत लिस्टन कोसळला. अली ठरलेल्या कोपऱ्यात जाईना. त्याला आवरण्यात गुंतलेल्या वॉलकॉटला गोंगाटात वेळाधिकाऱ्याचे अंक ऐकू आले नाहीत आणि त्याने स्वतः मोजणी सुरूच केली नाही. लिस्टन उठला, लढत पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात ‘द रिंग’ मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी दहा अंक केव्हाच होऊन गेल्याचे बाहेरून ओरडून सांगितले. वॉलकॉट त्यांच्याकडे गेला आणि परत येऊन त्याने लढत थांबविली. ज्या माणसाने निकालाचा अन्याय सोसला होता, त्याच्याच हातून जगातील सर्वांत गाजलेला पंचगिरीचा गोंधळ झाला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण अनुभव आणि सद्हेतू हे पद्धतीची जागा घेऊ शकत नाहीत, एवढे त्यातून दिसून आले.

त्याचे सार्वजनिक आयुष्य येथे संपले नाही. १९७१ साली कॅम्डेन परगण्याचा शेरीफ म्हणून तो निवडून आला. त्या पदावर आलेला तो पहिला कृष्णवर्णीय. १९७५ पासून १९८४ पर्यंत, सत्तरीत निवृत्त होईतो, तो न्यू जर्सीच्या क्रीडा नियंत्रण आयोगाचा अध्यक्ष होता. अटलांटिक सिटीत मुष्टियुद्धाचा धंदा जोरात वाढला तो याच काळात. कारभार निर्दोष नव्हता; १९८४ साली राज्याच्या चौकशी आयोगाने नियंत्रणातील उणिवांवर कडक टीका केली. सोसलेला अन्याय माणसाला आपोआप चांगला न्यायाधीश वा प्रशासक बनवीत नाही, हेही या चरित्रातून शिकावयास मिळते.

२५ फेब्रुवारी १९९४ रोजी कॅम्डेन येथे वॉलकॉट निवर्तला. सर्वाधिक वयात हेवीवेट जगज्जेता होण्याचा त्याचा विक्रम त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्ज फोरमनने मोडला. दरम्यान नियमही बदलले. रिंगणातील पंचाकडील गुणदानाचे काम काढून घेण्यात आले, खाली पाडणाऱ्या फेरीला अधिक मोल आले. तरीही अटीतटीच्या लढतींचे वाद थांबलेले नाहीत आणि ते थांबतील अशी अपेक्षाही करू नये. जेथे माणसाने माणसाचे मोल ठरवावयाचे, तेथे घासून होणारा निकाल कोणाला तरी अन्यायकारक वाटणारच. समाजाच्या हाती तीन गोष्टी आहेत: बेरजेचा नियम आधी उघडपणे ठरविणे, अलिखित रूढीला कागदावर आणून तपासणे आणि थोडक्यात हरलेल्यास पुन्हा उभे राहण्याची संधी देणे. वॉलकॉटला पहिल्या दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत. तिसरी मिळाली, म्हणूनच त्याचे नाव आज केवळ हरलेल्यांच्या यादीत राहिलेले नाही.